घशाबाहेरची चाल

३ मार्च

गाठ साधी निघाली. डॉक्टरीणबाईंनी तपासणीचा अहवाल हातात धरून स्वतः सांगितलं, म्हणजे पुष्टी झाली. रेडिओवर बातम्या लिहून लिहून सवयच लागलीय – आधी बातमी, मग ती कोणी दिली ते.

दुसरी बातमी तितकी बरी नाही. स्वरतंतूवरची गाठ काढली तिथली जखम भरेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. १७ तारखेला पुन्हा तपासणी. ‘कुजबुजायचं पण नाही हं, त्याने उलट जास्त ताण येतो.’ मी कागदावर लिहून विचारलं – गाण्याचं काय? त्यांनी चष्मा काढून पुसला. ‘बोलणं येईल. गाण्याचं आत्ताच नाही सांगत.’

आणि सरकारच्या नाटकाच्या गाण्याची चाल १४ला द्यायचीय! सरकार म्हणजे आमचा दिग्दर्शक. तालमीत नुसते हुकूम सोडतो म्हणून सरकार.

४ मार्च

नवरा खूष. ‘लग्नानंतर पहिल्यांदा भांडणात शेवटचं वाक्य माझं!’ मी लिहिलं – आवाज येऊ दे, मग बघते. तो म्हणाला, ‘पहिला शब्द जपून वापर. शक्यतो माझं नाव असू दे.’

हसायलाही बंदी. हसू दाबताना डोळ्यांत पाणी आलं.

५ मार्च

चाल सुचायची माझी रीत एकच. शब्द डोक्यात घोळवत चालायचं, काहीतरी हाती लागलं की फोन तोंडाशी धरायचा आणि गुणगुणायचं. फोनमध्ये सगळं पडून आहे. फायलींना नावंही जागेचीच – ‘लिफ्टमध्ये’, ‘जिन्यात, घाई’, ‘बँकेची रांग’. रांगेतले लोक मागे वळून बघायचे!

आता फोन तोंडाशी धरून काय करू?

७ मार्च

डॉक्टरीणबाईंना मेसेज टाकला – मनातल्या मनात गायलेलं चालतं ना? लगेच उत्तर. ‘गळ्यावर हात ठेवून गाऊन बघा.’ ठेवला. गळा हलत होता! चोर रंगेहाथ पकडला गेला.

आज काही नाही.

८ मार्च

फोनवर पियानोच्या पट्ट्यांचं एक ॲप घेतलं. काचेवर एक सप्तक दिसतं, बाकीचं सरकवून आणायचं; वाजवलेलं तिथेच साठतं. डावा हात गळ्यावर – पहारेकरी. उजव्या हाताचा अंगठा पट्ट्यांवर. कानात इयरफोन. शेजारणीने दारातून पाहिलं आणि काळजीने विचारलं, ‘ताई, दुखतंय का फार?’

गाणं एका दुकानदारीणबाईचं. दुकान कायमचं बंद करून निघालीय. सरकारनेच लिहिलंय –

कुलूप लाव, किल्ली ने,
नाव माझं पाटीवर राहू दे.

साधं आहे. साध्याचीच पंचाईत.

१० मार्च

अंगठ्यातून जे निघतं ते सगळं जुनंच. आज ‘लिफ्टमध्ये’ आणि ‘जिन्यात, घाई’ पाठोपाठ ऐकल्या. दोन्ही एकाच उंचीपर्यंत चढतात आणि गुमान खाली येतात. तिसरी ऐकली. तीही. पुढे ऐकलंच नाही.

११ मार्च

एकच्या बातम्या लिहून देऊन रेडिओच्या कॅन्टीनच्या कोपऱ्यात बसले होते. ‘नाव’पाशी अंगठा घसरला, पट्ट्या सरकल्या आणि सूर एकदम वरच्या सप्तकात जाऊन बसला. इयरफोनमध्ये कुणीतरी हाक मारल्यासारखं झालं. दचकले. खोडणार होते. तेवढ्यात दोनच्या बातम्या लिहायला बोलावणं आलं, तसंच ठेवून उठले.

१२ मार्च

नवऱ्याला ऐकवलं. पुन्हा एकदा लावायला सांगितलं त्याने. मग म्हणाला, ‘हे तुझं वाटत नाही.’

असा राग आला! भांडायलाही येईना. कागद ओढला तर पेन चालेना. तो म्हणाला, ‘अगं, ऐक तरी. तुझ्या चाली मला पाठ असतात. निम्म्यावर थांबवलंस तरी पुढचं मी म्हणून दाखवेन. ही कुठे जाणार ते कळलंच नाही मला.’

चहा निवेपर्यंत गप्प बसले. म्हणजे तशी गप्पच होते.

खरं आहे त्याचं. तीस वर्षं मी चाल बांधली ती माझा गळा पोचेल तिथवर. तिथे कुंपण आहे हेही ठाऊक नव्हतं. गाणाऱ्या मुली माझ्याहून वर जाणाऱ्या, आणि मी त्यांना माझ्या उंचीचे कपडे शिवत होते!

‘नाव’ वरच ठेवलं. परतीची वाट मात्र नव्याने शोधावी लागली – उडी अंगठ्याची होती, उतरणं माझं. सरकारला पाठवून दिलं.

१४ मार्च

तालीम. एरवी चाल मी गाऊन दाखवते. आज टेबलावर फोन ठेवला आणि बाजूला झाले. नायिकेचं काम करणारी पोरगी वाकून ऐकत होती. ‘ताई, ही उडी मुद्दाम आहे ना?’

मान डोलावली. आता मुद्दामच होती.

दोनदा तिचा आवाज फाटला. ‘सॉरी ताई, सॉरी.’ तिसऱ्यांदा डोळे मिटून गेली ती थेट वर, आणि ‘नाव’ तिथे उभं राहिलं. अख्खं दुकान दिसलं मला. माझ्या गळ्यातून हे कधी निघालं नसतं, गळा धडधाकट असतानाही नाही.

सरकारने हुकूम सोडला नाही. खुर्ची ओढून बसला आणि हळूच म्हणाला, ‘परत.’

त्या पोरीचे आभार. नवऱ्याचे आभार – हे त्याला सांगायचं नाही, डोक्यावर बसेल. अंगठ्याचे आभार. देव कुठे घसरवेल सांगता येत नाही.

१७ मार्च

डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीतून पाहिलं. ‘ई’ म्हणायला लावलं, तो काही मी शब्दात धरत नाही. जखम भरलीय, बोलायला मोकळीक. वरचे सूर परत येणार नाहीत. कागदावर दोनदा विचारलं, दोनदा तेच उत्तर.

बाहेर नवरा थांबला होता, पहिल्या शब्दासाठी. मी तोंड उघडणार तोच फोन वाजला. सरकार. ‘दुसऱ्या अंकाला पण गाणं लागतंय. आठवड्यात. जमेल?’

‘जमेल,’ म्हणाले. जाडाभरडा आवाज, पण माझा.

‘गेला शब्द!’ – नवरा.

उद्या एकच्या बातम्या दिल्या की कॅन्टीनमध्ये बसते. आता डावा हातही मोकळा आहे.