कोरडा हात

४ एप्रिल १५९३

किल्ल्यावरून माणूस आला. मेच्या पहिल्या दिवशी, बेल्टेनच्या सणाला, टॉर्किलला परत न्यायचं म्हणे! अंगावर पाजून वाढवलाय मी त्याला. किल्ल्याचे धनी अर्ल, त्यांचा नातू असला म्हणून काय झालं? आई तिकडे किल्ल्यात, पण दिवसभर डोकं उठवतो ते ह्या दाईआईचं — मुमे, मुमे!

५ एप्रिल

इवन म्हणतो, "बड्यांच्या घरची रीतच आहे ती. पोर आपल्यासारख्यांच्या घरी वाढतं, सात वर्षांचं झालं की परत जातं. तुला काय दत्तक दिलाय?" आला मोठा शहाणा नवरा! स्वतः मात्र गोठ्यात जाऊन डोळे पुसून आला.

११ एप्रिल

टॉर्किल परवापासून डाव्या हातानं लापशी खातोय. नुसती सांडलवंड. ओरडले तर म्हणाला, "उजवा देवाचा नाहीये ना."

कुणीतरी सांगितलं त्याला. कधीतरी कळणारच होतं. ह्या घराण्यात थोरल्या मुलाचा बाप्तिस्मा करताना उजवा हात फडक्यात गुंडाळून बाजूला धरतात. त्या हातानं वैरी ऑरिनवाल्यांना मारायचं, म्हणून त्याला देवाचं पाणी लावायचं नाही. पिढ्यान् पिढ्या चाललंय हे. टॉर्किलचा बापही तसाच कोरडा हात घेऊन लढायला गेला, तो परत आलाच नाही. आता सणाला पोराला तलवारीवर हात ठेवून सुडाची शपथ घ्यायला लावणार. एवढ्याशा जिवाला!

"मुमे, मी मेल्यावर हा हात कुठे जाणार? एकटाच?"

जवळ घेतलं नुसतं.

१३ एप्रिल

पाद्रीबाबांकडे गेले, पोराच्या उजव्या हातालाही देवाचं पाणी लावा म्हणून. "अर्लांना कळलं तर मला चर्चच्या दारावर टांगतील, बाई!" — आणि दार लावून घेतलं. घाबरट!

२९ एप्रिल

आज ओढ्यावर नेलं त्याला. बायकांनी बाप्तिस्मा करायचा नसतो, ठाऊक आहे मला. पाप लागलं तर मला लागो. बोटन् बोट धुतलं, देवाचं नाव घेतलं. "गार! गार!" करत हसत सुटला कार्टा. घरी येऊन उजव्या हातानं वाडगाभर लापशी चाटूनपुसून खाल्ली.

बजावलंय — कुणाला सांगायचं नाही हं!

१ मे

नेला.

३ मे

इवन किल्ल्यावरून आला तो पांढराफटक होऊन. सगळ्यांसमोर तलवार पुढे केली, तर टॉर्किल म्हणाला, "आजोबा, हा हात नाही चालणार. मुमेनं धुतला, आता तो देवाचाय!" अर्ल उठून गेले म्हणे.

इवन म्हणतोय, डोंगरापलीकडे तुझ्या माहेरी पळू. मी नाही जायची. पोराची भाबडी जीभ, तिच्यावर रागवू तरी कशी? घोड्याच्या टापा ऐकल्या की मात्र दाराला अडसर लावते.

६ मे

अर्ल आले. एकटेच, घोड्यावर पुढ्यात टॉर्किलला बसवून. मी गुडघे टेकले. म्हाताऱ्यानं उजव्या हाताचा हातमोजा काढला — तो हात मी आजवर कधी उघडा पाहिला नव्हता — आणि माझ्यापुढे धरला. तोही कोरडाच.

"पोरी, तो ओढा कुठेशी आहे?"