‘मी बघतो’

१२ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. मी बरी आहे. आईही बरी आहे, मनगटाचं प्लास्टर निघाल्यापासून तिची शिलाई मशीन पुन्हा सुरू झाली आहे. तू वेळेवर जेवतोस असं मी धरून चालते.

एक प्रश्न विचारते. एकमेकांवर जीव टाकणारी माणसं एका जहाजावर असली, तर ते जहाज परक्या माणसांच्या जहाजापेक्षा लवकर का पडतं? मला उत्तर येत नाही. पदवी घेऊनही येत नाही. हस आता.

फोनवरच विचारणार होते, पण फोनवर तू मला दुसरं वाक्य बोलू देत नाहीस. म्हणून पत्र. खाली चाव्या बनवणाऱ्याची कानस सारखी करकरते आहे, तेवढं सोडलं तर शांत आहे.

जहाज म्हणजे आपलंच, गेममधलं. मोठ्या फुग्याला टांगलेलं, आकाशात लढणारं. सुकाणूवर मी, तोफेवर ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर, आणि हातोडा घेऊन खालीवर पळणारा तू. दिवसभर गोदीत खरी इंजिनं दुरुस्त करायची आणि संध्याकाळी खोटी, म्हणून मास्तर तुला किती चिडवायचे! गेम बनवणाऱ्या एका कंपनीने अर्जाबरोबर मला एक काम दिलं होतं: कुठलाही खेळ घ्या आणि नवी माणसं त्यात का हरतात ते सांगा. मी आपल्याच लढायांची रेकॉर्डिंगं काढून बसले.

आधी वाटलं, आपला नेम वाईट. तसं नाही. मास्तर आयुष्यभर लोकांना गाडी कुठेही न आपटायला शिकवत आलेत, तरी समोरच्या जहाजावर गोळा बरोबर आपटतात. मग वाटलं, तू उशिरा पोचत असशील. तेही नाही.

दर वेळी एकच होतं. फुग्याला भोक पडतं. तू ओरडतोस, “मी बघतो!” मी ओरडते, “थांब, मी बघते!” आणि दोघंही शिडीने वर. फुग्याला एकच हातोडा पुरला असता. खाली इंजिन पेटलेलं, सुकाणू मोकळं, आणि जहाज निवांत डोंगराकडे चाललेलं. एका रेकॉर्डिंगमध्ये मास्तर म्हणताना ऐकू येतात, “अरे, गाडी कोण चालवतंय? की मी देवाचं नाव घ्यायला सुरुवात करू?” आणि आपण वर, “तू जा”, “नाही, तूच जा”.

अनोळखी माणसं एकत्र खेळतात तेव्हा ती सरळ विचारतात, “इंजिन कोण बघतंय?” आपण विचारत नाही. आपण धावतो. हे कसं घडतं ते मला कळलं. का घडतं, तिथे मी अडले आहे.

मी लिहून दिलं की ‘मी बघतो’ हे वाक्य अर्धवट आहे, काय बघतो तेही म्हटलं पाहिजे. आणि मला मनापासून वाटतं की एखादा खेळ माणसांना एवढं शिकवू शकतो. मदतीआधी विचारायला. तू म्हणशील, हिचं भाषण सुरू झालं. बरं, थांबते.

बाबा गेले तेव्हा तू कॉलेज सोडलंस आणि एवढंच म्हणालास, “मी बघतो.” म्हणून मी शिकले. आता आई जिन्यावरून पडली आणि नेमकं त्याच सुमारास मला कंपनीचं बोलावणं आलं. मी तुला म्हटलं, नोकरी नाकारते, आईचं मी बघते. तू म्हणालास, “वेडी आहेस का? एक तारखेला राजीनामा देतो आणि घरी येतो. मी बघतो.” आणि फोन ठेवलास. आत्ता कुठे तुला फोरमन केलंय, दादा.

फोन हातात धरून मी उभी होते आणि मला ती शिडी दिसत होती.

मग मी आईला विचारलं. ती पडदे शिवत होती. म्हटलं, “आई, आम्हा दोघांपैकी कुणी राहावं तुझ्याजवळ?”

तिने दातांनी दोरा तोडला. “मी काय गळकं पिंप आहे? दोघं दोन बाजूंनी बोळे कोंबताय ते!”

“तसं नाही गं.”

“मग कसं? मला काय पाहिजे ते विचारलंत का एकाने तरी?”

“काय पाहिजे?”

“तुझी खोली.”

“माझी? कशाला?”

“कापड बेतायला मोठं टेबल टाकायचंय तिथे. जड तागे उचलायला एक बाई ठेवणार आहे. रात्री समोरची नर्स येते म्हणाली, तिचा नवरा घोरतो. आणि त्या शहाण्याला सांग, गोदी सोडून आलास तर पडद्यांना कड्या लावायला बसवीन.”

खरं सांगते, मला थोडं लागलं. माझ्यावाचून तिचं अडेल असं मला वाटत होतं. आणि तसं वाटणं मला आवडतही होतं, हे त्या दिवशी कळलं. तुझं तू बघ.

आता जे एवढा वेळ लिहायचं टाळलं, ते. पाकिटावर मी माझा पत्ता घातला नाही, कारण तो वाचून तू पत्र न उघडता फोन केला असतास. मी घरी नाही. रविवारी निघाले आणि सोमवारी कामावर रुजू झाले. कंपनीच्या मागच्या गल्लीत, चाव्यांच्या दुकानावरच्या खोलीत राहते. बस सुटताना आई रडली का, ते विचारू नकोस, मला नीट दिसत नव्हतं. टेबल मात्र त्याच दुपारी आलं म्हणे.

राजीनामा देऊ नकोस. लिहून ठेवला असशील तर फाड. आईची आठवण येत असेल तर सुट्टी काढून जा, तिच्या हातचं जेव, आणि टेबलाला हात लावायच्या आधी तिला विचार. इंजिन तू बघ.

सुकाणूवरून, जागा न सोडता,
तुझी धाकटी