एक्क्याऐंशी टक्के

४ सप्टेंबर
निर्णय पक्का. क्वांटिटेटिव्ह फायनान्समध्ये, म्हणजे पैशाच्या गणितात, मास्टर्स. एकाच विद्यापीठात अर्ज करणार. पाच ठिकाणी अर्ज करणाऱ्यांना स्वतःची खात्री नसते. इतरांच्या कोडमधल्या चुका शोधत ऑफिसात म्हातारं व्हायचं नाही.
अडचण एकच. मार्क, दहापैकी ६.८. अर्धा वर्ग माझ्या वर, अर्धा खाली. त्याला लोक 'साधारण' म्हणतात. मी 'प्रातिनिधिक' म्हणते.

१३ सप्टेंबर
प्रवेशाची शक्यता काढणारं मॉडेल तयार. विद्यार्थी प्रवेशाचे निकाल ज्या ऑनलाइन फोरमवर टाकतात, तिथली पाच वर्षांची माहिती घेतली. माझ्याइतके मार्क असलेल्यांपैकी एक्क्याऐंशी टक्के लोकांना प्रवेश मिळालाय. मार्कांचा परिणाम जवळजवळ शून्य. हे आजवर कोणाच्या लक्षात कसं आलं नाही?

१४ सप्टेंबर
ताईला आलेख दाखवला. ती केस विंचरत होती. म्हणाली, अगं, क्लासवाले भिंतीवर पास झालेल्यांचेच फोटो लावतात, तसलं दिसतंय हे. वर विचारलं, नापास झालेली कार्टी कुठायत?
ताईला उपमा सुचतात. आकडे वाचता येत नाहीत.

९ ऑक्टोबर
बॉसने केबिनमध्ये बोलावलं. तुम्हाला टीम लीड करतो म्हणाले. नम्रपणे नकार दिला. पुढच्या वर्षी मी इथे नसेन. त्यांनी विचारलं, प्रवेश झाला का? म्हटलं, एक्क्याऐंशी टक्के झाला.
ते बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत बसले.

१२ ऑक्टोबर
शेजारच्या टेबलावरची टीम लीड झाली. तिला काम मी शिकवलं. केक आणला होता. खाल्ला. कोरडा होता.

२ नोव्हेंबर
आजपासून रोज सकाळी प्रोबॅबिलिटीची दहा गणितं. मुलाखतीत तोंडी विचारतात.

५ नोव्हेंबर
गणितं झाली नाहीत. आलेखाचे रंग बदलायचे होते. निळा जास्त गंभीर वाटतो.

२० नोव्हेंबर
शिफारसपत्रासाठी कॉलेजात गेले. सरांना मी आठवेना. मग म्हणाले, हां हां, खिडकीजवळची! 'मेहनती आहे' असं लिहू का, विचारलं. म्हटलं, नको, त्यावरून मार्क आठवतात. मग 'वक्तशीर' ठरलं.

३ डिसेंबर
अर्ज पाठवला. निबंधात मॉडेलच मांडलंय. साध्या मार्कांची मुलगी स्वतःच्या प्रवेशाची शक्यता स्वतः काढते, हे त्यांना नवीन असेल.
बाबांनी विचारलं, आणि नाही झालं तर? त्यांना एकोणीस टक्के म्हणजे किती कमी, ते समजावलं. म्हणाले, बरं बाई, तू शहाणी.

१८ जानेवारी
मुलाखतीला बोलावलं! मॉडेल खरं ठरतंय.

२६ जानेवारी
मुलाखत झाली. स्क्रीनवर एक प्राध्यापिका होत्या आणि एक टक्कल पडलेले गृहस्थ. तोंडी गणितं विचारलीच नाहीत. फक्त मॉडेलवर बोलले, म्हणजे प्रभाव पडला.
प्राध्यापिकाबाईंनी विचारलं, ज्यांना नकार मिळतो ते फोरमवर येऊन सांगतात का? म्हटलं, सांगत असावेत. गृहीतक तळटीपेत दिलंय. त्या म्हणाल्या, आणि सांगत नसतील तर? म्हटलं, तर ती माहिती उपलब्ध नाही, आणि उपलब्ध नसलेल्या माहितीवर मी वेळ घालवत नाही.
टक्कलवाले हसले. ठाम उत्तर आवडलं असणार.
शेवटी बाईंनी 'थँक यू' दोनदा म्हटलं.

१९ फेब्रुवारी
नकार.
एकोणीस टक्क्यांतली घटना घडली. मॉडेल त्यामुळे चूक ठरत नाही.

२० फेब्रुवारी
कारण उघड आहे. मार्क. जगाला आकडा हवा असतो, माणूस नको. मुलाखत हा नुसता देखावा. विद्यापीठाला मेल केला: नकार मार्कांमुळे असल्यास तसं स्पष्ट कळवावं. लेखी मिळालं की विषय संपला.

२१ फेब्रुवारी
बॉसला सहज विचारलं, दुसऱ्या टीमला लीड लागेल का? म्हणाले, तुमच्या लीडशी बोला. लीड म्हणाली, मॅडम, बघते हं. कालपर्यंत मला ताई म्हणायची.

७ मार्च
विद्यापीठाचं उत्तर आलं. मार्क त्यांच्या मर्यादेत होते. याहून कमी मार्कांचे विद्यार्थी यंदाही घेतलेत. नकार मुलाखतीमुळे. समोर नसलेल्या माहितीबद्दल उमेदवाराला प्रश्न पडत नाहीत, असा शेरा.
दोनदा वाचला. मेल डिलीट केला.
जेवताना आईने विचारलं, काय गं, कळवलं का त्यांनी काही? म्हटलं, मार्क कमी पडले.
आई म्हणाली, वाटलंच होतं. बाबांनी मान डोलावली. टोमण्याची संधी कधी न सोडणाऱ्या ताईनेही मुकाट्याने माझ्या ताटात पोळी वाढली.
एकालाही शंका आली नाही.