पानावरचा व्रण

३ जून
आज वनस्पती संग्रहालयात रुजू झाले. नोकरी झकास आहे! खिडकीपाशी टेबल, स्वतःचा मायक्रोस्कोप आणि काम म्हणजे पानांची नाती लावणं. पानाच्या पाठीवर नेलपॉलिशचा हात फिरवायचा, वाळलं की पापुद्रा सोलून काचेवर ठेवायचा. रंध्रं कशी, लव कशी, यावरून कोण सख्खं, कोण चुलत ते कळतं. वरवर जुळी दिसणारी पानंसुद्धा इथे उघडी पडतात. साहेबांनी मला मात्र ओळखलं नाही. ताई पूर्वी इथेच कामाला होती; तिचं नाक मला मिळालं नाही, ते बरंच झालं.

६ जून
माझ्या या थोरल्या बहिणीने लावलेली वेल अजून खिडकीत आहे. साध्या वेलीची लव सरळ असते, हिची चांदणीच्या आकाराची. म्हणजे ही जातच वेगळी, हे ताईने शोधलं. साहेबांनी शोध लाटला आणि वर तिलाच चोर ठरवून हाकललं. चोराच्या उलट्या बोंबा! ताईने अंथरूण धरलं, ती उठलीच नाही. या वेलीवरचा साहेबांचा शोधनिबंध अजून छापायचा आहे. त्यावर ताईचं नाव घालीन तेव्हाच घरी येईन, असं आईला सांगून आले आहे.

११ जून
वेलीचा पापुद्रा काढला. रंध्रांच्या मधून एक तिरका व्रण गेला होता, टोकाशी वळलेला. दुसऱ्या पानावरही तोच. ताईच्या अंगठ्यावर पात्याने कापल्याची खूण होती, ती हीच. घाबरायला हवं होतं, पण मला आनंद झाला. कुंडी उचलून साहेबांच्या खुर्चीमागे ठेवली.

१६ जून
साहेब खोकतात. घशात कुसळ अडकलंय म्हणाले आणि मलाच गरम पाणी आणायला लावलं. आणलं, अगदी प्रेमाने. त्यांच्या रुमालावर पडलेलं काचेवर ठेवून पाहिलं. बारीक चांदण्या! करावे तसे भरावे.

२० जून
साहेब गेले. खुर्चीतच. दातांआडून एक कोवळं पान — पुढचं लिहवत नाही.

२२ जून
निबंध कोण पुरा करणार, अशी वरून विचारणा आली. मी म्हटलं, मी. नावाच्या जागी माझं नाव घातलं. मेलेल्या माणसाला थोडीच बढती मिळते? ताईचे आभार मानीन की शेवटी. घरातल्या घरात तर आहे.

२३ जून
कुंडी माझ्या खुर्चीमागे. शिपाई म्हणतो, बाई, मी हातही लावला नाही.

२४ जून
घसा खवखवतो — धुळीने असेल. अंगठा हुळहुळतो. त्याचाच पापुद्रा काढला.
रंध्रं आहेत. लव चांदणीची. तिरका व्रण —
मला कधीच कापलं नव्हतं.

२५ जून
ताई, बास. आपण सख्ख्या ना गं? — बोटं वळतात, पेनभोवती वेटोळं — आधी घसा सोड, मग नाव बदलते — शपथ —
बरं, आधी लिहिते. लिहिते. हे बघ, तुझं ना