तोर्दिसची शेजारीण

प्रिय देवलेता,

तुझा फोन आला त्या दिवसापासून लिहीन लिहीन म्हणते, पण कागद पुढ्यात घेतला की डोळे मिटायला लागतात. तसं पाहिलं तर मी काही डोंगर फोडत नाही. सकाळी वृद्धाश्रमात जाते, म्हाताऱ्यांना उठवते, धुते, पुसते, भरवते. दुपारच्या बसने घरी येते, बटाटे उकडते. तरी संध्याकाळी खुर्चीत बसले की पायांत कुणीतरी शिसं ओतल्यासारखं होतं. त्या दिवशी तू एवढं विचारलंस आणि मी 'सांगते' एवढंच म्हणून फोन ठेवला, त्याचा राग धरू नकोस. फोनवर मला बोलता येत नाही. या लोकांत राहून त्यांच्यासारखीच झालेय, कुणी काही विचारलं की आधी गप्प बसते. आज रविवार आहे. बाहेर पाऊस आहे, पण आमच्याकडे ती काही बातमी नव्हे. कॉफी केली आहे, आपल्या पद्धतीची, आणि ठरवून बसले आहे.

आधी घरचं सांगते. एल्मा बरी आहे. तिचा त्रोन अजून तसाच, चांगला आणि मुका. पहिल्यांदा जेवायला आला होता तेव्हा मी चार प्रकार केले होते. प्रत्येक वाढपाला तो मान हलवून आभार मानायचा आणि खाली बघून जेवायचा. मी स्वयंपाकघरात एल्माला विचारलं, "याचं काही दुखतंय का गं?" तर म्हणाली, "आई, अगं आज तो खूप बोलला." आता मला त्याची सवय झालीय. बर्फ पडला की न सांगता माझ्या दारापर्यंतची वाट साफ करून जातो, बेलसुद्धा वाजवत नाही. इसाक सात वर्षांचा झाला. मी त्याच्याशी आपल्या भाषेत बोलते, तो उत्तर देतो नॉर्वेजियनमध्ये, आणि वर मलाच सुधारतो, "आजी, असं नाही म्हणत." आपली भाषा त्याला समजते, पण तोंडातून येत नाही. एक शिवी मात्र फर्मास येते. परवा सायकलवरून पडला तेव्हा दिली. माझ्या मुनीबची होती ती, हातोडा बोटावर बसला की तो द्यायचा ती. माझ्याकडूनच उचलली असणार. एल्मा रागावली आणि मी तोंड फिरवून भांडी घासत राहिले.

तुला कधी सांगितलं नसेल, पण युद्धातून सुटून इथे आल्यावर कितीतरी काळ मी बॅग उघडलीच नव्हती. आधी डोंगरातल्या त्या बंद पडलेल्या हॉटेलात आम्हा सगळ्यांना ठेवलं होतं, तेव्हा सगळ्याच बायका म्हणायच्या, उन्हाळ्यापर्यंत घरी. मग या गावात घर मिळालं तरी बॅग खाटेखालीच. लागतील ते कपडे काढायचे, धुवायचे, पुन्हा आत. एल्मा तेव्हा शाळेत होती, मागे लागायची, "आई, एक कपाट तरी घेऊया." मी म्हणायचे, "कपाट घेऊन बसमध्ये कशी चढू?" पोरगी एकदा एवढी चिडली, म्हणाली, "कुठली बस, आई? कुठे आहे ती बस?" दुसऱ्या आठवड्यात तिने कुणाच्या तरी तळघरातलं जुनं कपाट मागून आणलं, मैत्रिणींना घेऊन जिन्यावरून चढवलं, आणि मी पाहुण्यासारखी बाजूला उभी राहून बघत होते.

भाषेच्या वर्गातही माझं तसंच. बाई फार गोड होत्या. घरच्या माणसांविषयी एकेक वाक्य बोलायचं होतं. माझ्या शेजारची सोमाली बाई म्हणाली, "माझा नवरा ड्रायव्हर आहे." मी म्हणाले, "माझा नवरा सुतार आहे." बाईंना आमची माहिती असावी. त्या हळूच म्हणाल्या, "आहे, झुम्रा, की होता?" त्यांनी व्याकरणच विचारलं असेल. मी वही मिटली आणि पुढचे काही दिवस वर्गाला गेले नाही. देवलेता, तुला तुझ्या साबितचं सगळं ठाऊक आहे. कुठे नेला, कुणी नेला, कुठल्या खड्ड्यात सापडला. तू त्याला स्वतःच्या हाताने माती दिलीस. मला तर मुनीब ट्रकमध्ये चढताना दिसला, आणि त्याने मागे वळून एल्माला सांगितलं की आईचं ऐक. त्यापुढे कुठला काळ लावायचा ते नॉर्वेजियनमध्येच काय, आपल्या भाषेतही मला कुणी शिकवलं नव्हतं.

आता तोर्दिसचं सांगते, कारण तिच्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. माझ्या भिंतीला लागून राहते. माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठी, उंच, ताठ, पांढरे केस पुरुषासारखे कापलेले. आम्ही राहायला आलो त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मी गालिचे बाहेर कठड्यावर टाकून झोडपत होते. ही दारात आली. मला वाटलं, चला, शेजारीण ओळख करून घ्यायला आली. मी हसून हात पुढे केला. तिने हात मिळवला आणि म्हणाली, "रविवारी गालिचे झोडपायचे नसतात." आणि गेली. मी त्या दिवशी एल्माला म्हणाले, या देशात आपलं जमायचं नाही.

मग वसंतात आवार साफ करायचा दिवस आला. इथे सगळ्या बिऱ्हाडांनी मिळून झाडलोट, रंगरंगोटी करायची असते, न आलेल्याकडे लोक वर्षभर बघतात. मी पहाटेपासून पीठ लाटून, सारण भरून तीन पराती पिटा भाजला, एक मांसाचा, एक पालकाचा, एक बटाट्याचा. तुला माहीत आहे ना मी किती करते ते! दुपारी बघते तर प्रत्येकाने आपापल्या खिशातून कागदात गुंडाळलेला पाव काढला आणि आपापल्या दगडावर बसून खाल्ला. मी परातींसमोर उभी. तेव्हा तोर्दिस उठली, आली, पालकाचा एक तुकडा खाल्ला, मग मांसाचा, मग पुन्हा पालकाचा. हात पुसला आणि म्हणाली, "वाईट नाही." मी घरी येऊन रडले. एल्मा पोट धरून हसायला लागली. म्हणाली, "अगं आई, इथे यापेक्षा मोठी स्तुती नसते. लग्नातसुद्धा एवढंच म्हणतात."

तेव्हापासून दर गुरुवारी ती माझ्याकडे कॉफीला येते, नाहीतर मी तिच्याकडे जाते. तिची कॉफी म्हणजे गढूळ पाणी, पण मी पिते. माझी तिला झोप लागू देत नाही, पण ती पिते. इतक्या वर्षांत तिने मला युद्धाविषयी एक शब्द विचारला नाही. सुरुवातीला मला वाटायचं, हिला काही पडलेलं नाही. आवारात तिचा वाफा आहे, त्यातला अर्धा तिने मला दिला. मी कांदे लावायचे, पालक लावायचे. एकदा म्हणाली, "आलुबुखाराचं झाड लाव, तुमच्याकडे असतं म्हणतेस ना." मी म्हणाले, "फळ धरायला किती वर्षं लागतात! तोवर मी इथे कुठे असणार?" ती बटाटे उकरत होती. मान वर न करता म्हणाली, "मागच्या वेळीही तू हेच म्हणाली होतीस. तेव्हा लावलं असतंस तर आज मुरंबा खात असतो."

एप्रिलमध्ये युद्धात हरवलेल्यांचा शोध घेणाऱ्या त्या कार्यालयातल्या बाईंचा फोन आला. आधी मला, मग तुला. मी शांत होते, असं त्यांनी तुला सांगितलं म्हणे. शांत नव्हते गं. त्यांनी सगळं दोनदा सांगितलं, हळू आवाजात, आणि मी दोन्ही वेळा "हो" म्हणाले. मग कामावर गेले. त्या दिवशी एका म्हातारीचे केस विंचरताना तिने मला आरशात बघून विचारलं, "तू कोण गं? नवीन आहेस का?" ती रोजच विचारते, तिला आठवत नाही. रोज मी नाव सांगते. त्या दिवशी मला नावच सुचेना. "मी तोर्दिसची शेजारीण," म्हणाले. म्हातारी समाधानाने म्हणाली, "अच्छा, तोर्दिसची," जसं काही सगळं कळलं.

नंतरच्या गुरुवारी तोर्दिसकडे गेले. ती माझ्याकडे बघत राहिली. कॉफी ओतली नाही. "कोट घाल," म्हणाली, "गाडीत बस." पावसात समुद्राच्या कडेकडेने आम्ही गेलो, चर्चच्या मागे दफनभूमी आहे तिथे. थेट पाण्याला लागून, वाऱ्यात माणूस उभं राहत नाही. एका दगडाशी थांबली. त्यावर आनफिनचं नाव, तिच्या नवऱ्याचं. मला एवढंच ठाऊक होतं की तो मासेमारीला जायचा आणि तरुणपणीच गेला. ती म्हणाली, "इथे खाली बूट आहे. डावा. जाळ्यात तेवढाच आला." ती सांगत राहिली. तिचा दीर म्हणायचा, थांब, वसंतात समुद्र सगळं परत देतो. ती थांबली. किती वसंत आले. बूट मागच्या खोलीत, खिळ्यावर त्याचा स्वेटर. कुणी दुसरा माणूस लग्नाचं विचारायला आला तर ती म्हणायची, माझा नवरा समुद्रावर आहे. "मला वाटायचं मी त्याच्यासाठी थांबलेय," तोर्दिस म्हणाली. "तो कुठे थांबला होता? मीच एकटी थांबले होते. शेवटी पाद्रीबाबांना म्हटलं, बुटाला माणसासारखं पुरा. त्यांनी पुरलं. लोक हसले असतील." मग ती जराशी हसली. "मोठा बूट होता. पाय फार मोठे होते त्याचे."

तेव्हा मी तिला सांगितलं. मोडक्यातोडक्या वाक्यांत सांगितलं, की माझा नवराही सापडलाय, पण सगळा नाही. मांडीचं हाड आणि खांद्याचं. बाकीचं कुठे ते कुणाला ठाऊक नाही, पुरावा लपवायला मारणाऱ्यांनीच मशीनने एका ठिकाणाहून उकरून दुसरीकडे टाकलं होतं म्हणे. आता आम्हाला विचारतात की एवढंच पुरायचं, का आणखी सापडेपर्यंत थांबायचं. हे मी अजून एल्मालाही धड सांगितलं नव्हतं. तोर्दिसने मला मिठी मारली नाही, ती तसलं करत नाही. गाडीतून थर्मास आणला, झाकणात कॉफी ओतली आणि मी पिईपर्यंत वाऱ्याच्या बाजूला माझ्यासमोर उभी राहिली. मग विचारलं, "काय करायचा तो?" मी म्हणाले, "सुतार होता." तिने मान डोलावली. "कामाचा माणूस," म्हणाली.

तर देवलेता, तू जे विचारलंस त्याचं उत्तर देण्यासाठी हे लिहिते आहे. थांबायचं नाही. जुलैत यंदा सापडलेल्या सगळ्यांचं दफन आहे तेव्हा त्याचंही होऊ दे, साबितच्या शेजारी. पुढे आणखी काही सापडलं तर कबर पुन्हा उघडतात म्हणे. उघडू देत, मी पुन्हा येईन. तू म्हणालीस की त्याच्या पलीकडची जागा माझ्यासाठी धरून ठेवतेस. ती नको धरूस. तू तिकडे परत गेलीस, जळक्या भिंतींवर छप्पर घातलंस, दुकानात गल्ल्यावर आपल्या माणसांना नेणाऱ्यांपैकीच एक बसलेला असतो हे माहीत असून त्याच्याकडून मीठ-साखर आणतेस. माझ्यात ती ताकद नाही आणि आता ती आणावी असंही वाटत नाही. मला इथेच कुठेतरी ठेवतील, इसाकला सायकलवरून येता येईल अशा ठिकाणी. हे वाचून तू दुखावशील, म्हणूनच फोनवर बोलवेना. मी, एल्मा आणि इसाक आदल्या दिवशी पोचतो. त्रोनही येतोय. त्याला कुणी बोलतं करू नका, त्याला फक्त काम सांगा. आणि एक कर. मुनीब केवढा दांडगा होता ते गावात सगळ्यांना आठवत असेल. खांदा द्यायला जी पोरं येतील त्यांना आधीच सांगून ठेव, पेटी फार हलकी लागेल.

तुझ्या उंबऱ्याशी लवकरच पोचणारी,
तुझीच जाऊ
झुम्रा