काढलेल्या तीन ओळी

बाई, आज पुन्हा तीन ओळी जास्त झाल्या. शनिवारच्या अंकातलं ‘कुमारांसाठी नवी पुस्तकं’ हे तुमचं सदर गेली काही वर्षं मी चालवतो. छापखाना आता माझ्या मालकीचा आहे, हाताखाली चार माणसं आहेत, तरी या एका सदराचे शिशाचे अक्षरखिळे मी स्वतः जुळवतो. आमचे लोक म्हणतात, शेटला जुनी खाज आहे. मी हसतो आणि म्हणतो, अरे, हात गंजू नये म्हणून. ते खोटं आहे. मी भितो म्हणून जुळवतो. पुस्तक हातात घेतलं की भितो, लिहिताना भितो, आणि जुळवलेल्या खिळ्यांचं पान दोऱ्याने बांधताना तर असा भितो की गाठ दोनदा सुटते. पंचेचाळिशीच्या माणसाला मुलांच्या पुस्तकांची भीती वाटते हे मी कुणाला सांगू? म्हणून तुम्हाला लिहितोय. तुम्ही जाऊन पंधरा वर्षं झाली, तेव्हा निदान मध्येच थांबवून ‘पुन्हा वाच’ म्हणणार नाही.

तुमचं स्वयंपाकघर मला खोलीसारखं आठवत नाही, आवाजासारखं आठवतं. चुलीवर डाळ रटरटतेय, मागच्या पडवीत तुम्ही सांभाळत असलेल्या वसतिगृहाच्या मुली भांडी घासताहेत, आणि तुम्ही पाटावर बसून श्रीवर्धनहून आलेली सुपारी अडकित्त्याने कातरताय. तुमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालले होते. अक्षर दिसत नव्हतं, पण सुपारीचे काप मात्र एकसारखे पडायचे. छापखान्यातून सुटलो की मी हातपाय धुऊन समोर बसायचो आणि अंकासाठी आलेलं नवं पुस्तक मोठ्याने वाचायचो. चौथीत तुम्ही मला शिकवलं होतंत, पण खरं शिकवलंत ते इथे. नियम एकच होता. अडकित्ता चालू आहे तोवर वाचायचं. थांबला की थांबायचं.

‘‘काय चुकलं सांग,’’ तुम्ही म्हणायचात.

‘‘वाक्य लांब झालं.’’

‘‘लांबीचं काय घेऊन बसलास! बारा वर्षांचा मुलगा आईला ‘मातोश्री’ म्हणतो कुठे? तुझ्या आईला म्हणून बघ, उलथनं मिळेल.’’

पडवीतल्या मुली खिदळायच्या. तुमचं म्हणणं असं की मोठ्यांचं पुस्तक खोटं असलं तर मोठा माणूस जांभई देतो. कुमारवयाच्या मुलाचं पुस्तक खोटं असलं तर तो ते खरं मानतो. म्हणून परीक्षण करणाऱ्याने आधी कान लावायचा. कान माझ्याकडे होता. माझे वडील मिठागरात राबायचे, आणि खाडीचं पाणी बांधातून आत शिरायला लागलं की कुणाला दिसायच्या आधी त्यांना ऐकू यायचं. ते चिखलात थबकत, हात वर करून सगळ्यांना गप्प करत आणि म्हणत, ‘‘हिथं हाय. हिथं गलतंय.’’ तोच कान मला मिळाला. तुम्ही एकदा कुणाला तरी सांगत होतात, ‘‘याच्या कानातून कच्चं वाक्य सुटत नाही.’’ मी दाराबाहेर चपला काढत होतो. मी मुद्दाम थोडा वेळ तिथेच उभा राहिलो. पुन्हा म्हणाल म्हणून.

मग तुम्ही डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मुंबईला निघालात. स्वातंत्र्य मिळून दोन वर्षं झाली होती. रेवसच्या धक्क्यावर लाँचमध्ये चढण्याआधी तुम्ही मला एक नवं कोरं पुस्तक दिलंत. ‘‘याचं तू लिही. सदर बंद पडू द्यायचं नाही. मी दाखवून घेणार नाही, मला आता दिसतही नाही.’’ तुम्ही हसलात. सदरावर नाव नसायचं, पण ते बाईंचं सदर आहे हे गावाला ठाऊक होतं. सदरात चांगलं म्हटलेलं पुस्तक वसतिगृहाच्या कपाटात यायचं, हेही ठाऊक होतं.

पुस्तक पुण्याच्या एका विद्वान गृहस्थांचं होतं. तीन मित्र सुट्टीत समुद्रकाठच्या गावी येतात आणि ओहोटीच्या वेळी चालत पाण्यातल्या किल्ल्यात जातात. वाचताना मी उभा राहिलो, बाई. वाक्यं अशी की तोंडात घोळवावीत. दुसऱ्यांदा वाचलं ते मोठ्याने, खोलीत एकट्याने. अडकित्ता नव्हता. आणि तेराव्या प्रकरणात ते वाक्य होतं, की ओहोटी लागली म्हणजे सहा तास समुद्र मागे राहतो, आणि तेवढ्या वेळात तिघे खुशाल किल्ला बघून चालत परत आले.

समुद्र सहा तास मागे राहत नाही. सहा तास तो मागे जात असतो, आणि मागे गेला की लगेच वळतो. आपल्या समोरच्या किल्ल्याची वाट जेमतेम दोन-अडीच तास उघडी असते, तीही उधाणाच्या दिवसांत. हे आपल्याकडे मिठागरातल्या, कोळीवाड्यातल्या पोराला चालता येण्याआधी कळतं. पण वसतिगृहातल्या मुली किनाऱ्यावरच्या नव्हत्या. त्या आतल्या भातशेतीच्या गावांतून आलेल्या. त्यांनी समुद्र पाहिला तो शाळेत नाव घातल्यावर.

सदर छापून आलं. ‘यातला समुद्र अगदी आपल्या किनाऱ्यावरचा वाटतो,’ असं एक वाक्य त्यात होतं, आणि शेवटी पुस्तकाच्या भाषेला मी शंखाच्या नादाची उपमा दिली होती. आठवड्यात पुस्तक कपाटात गेलं.

त्यानंतरच्या सुट्टीचा दिवस. साडेअकराचा सुमार. छापखान्यात मी एकटा, लग्नपत्रिका जुळवतोय. वसतिगृहाची स्वयंपाकीण मावशी धापा टाकत दारात येते. पदर अर्धा मातीत.

‘‘अवो, तिघी न्हाईत! सकालपासून न्हाईत. मी म्हनलं देवलात गेल्या असतील.’’

‘‘कोण तिघी?’’

‘‘आठवीतल्या. भाकऱ्या बांधून नेल्यान. आन् कपाटातलं ते किल्ल्याचं पुस्तक बी न्हाई.’’

माझ्या हातातली ओळ खाली पडली. खिळे जमिनीवर पसरल्याचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. आज तिथी कोणती? चतुर्थी. वडिलांनी शिकवलेलं गणित आपोआप झालं: तिथीची पाऊणपट, चाराची पाऊणपट तीन, तीन वाजता पुरी भरती. म्हणजे नऊला पुरी ओहोटी. म्हणजे त्या नऊच्या सुमाराला चालत गेल्या असणार. म्हणजे अडीच तास झाले, वाट बुडाली. आणि पुस्तकाप्रमाणे त्यांच्या हातात अजून साडेतीन तास आहेत.

मी धावतो. बाजारातून, कचेरीच्या मागून, सुरूंच्या झाडांतून. अनवाणी. धावताना मी देवाशी बोलत नव्हतो, सौदा करत होतो: किल्ल्यातच बसू दे त्यांना, भरती बघून घाबरू दे, संध्याकाळपर्यंत रडू दे, पण पाण्यात उतरू देऊ नको. वाळूवर आलो आणि बघितलं. किल्ला आणि किनारा यांच्या मधोमध तीन डोकी. एकीने भाकऱ्यांचं गाठोडं डोक्यावर धरलेलं. पाणी छातीला लागलेलं, आणि आडवी ओढ अशी की सरळ चालणाऱ्या त्या तिरक्या सरकत होत्या. त्या हसत होत्या की ओरडत होत्या, हे एवढे तीक्ष्ण कान असून मला कळेना. मग गाठोडं दिसेनासं झालं.

थळहून आलेला एक कोळी आपली होडी वाळूवरून ढकलत होता. त्याने माझ्याआधी बघितलं होतं. ‘‘बगतो काय बामनासारका? लोट!’’ मी लोटली आणि आत उडी घेतली. दोघींना त्याने वेण्यांना धरून वर ओढलं. तिसरी पाण्याखाली माझ्या हाताला लागली. लुगडं नव्हे, दप्तराचा पट्टा. मी तो पट्टा सोडला नाही, एवढंच मी केलं. बाकी सगळं त्या माणसाने केलं. तिला त्याने होडीत पालथी घातली आणि पाठीवर दाब देत राहिला. तिचे ओठ जांभळे. मी तिच्या तोंडाशी कान लावून बसलो आणि काहीही ऐकू येत नव्हतं. बाई, ती तशी किती वेळ होती ते मला माहीत नाही. मी त्या गप्पपणात अजून अधूनमधून जाऊन बसतो. मग ती ओकली आणि रडली.

‘‘पुस्तकात वाचून दरयात उतरता व्हय गं?’’ कोळी म्हणाला. ‘‘आमच्या वाड्यातली कोंबरी पन भरती बगून बाहेर परते.’’

ती पोर दातखिळीतून बोलली, ‘‘पण सहा तास झाले नव्हते.’’ आणि माझ्याकडे बघून, ‘‘बाईंनी लिहिलं होतं ना, आपल्याच किनाऱ्यासारखं आहे म्हणून.’’

तुम्ही परत आलात तेव्हा डोळ्यांवर हिरवी पट्टी होती. गोष्ट तुमच्याआधी धक्क्यावर येऊन उभी होती. शाळेच्या सभेत पालक ओरडत होते. मी मागच्या बाकावर बसलो होतो. उठायचं म्हणून बाकाची कड धरली होती. तुम्ही काठी टेकत उभ्या राहिलात आणि म्हणालात, ‘‘सदर माझं. चूक माझी. आजपासून मी ते लिहिणार नाही.’’ आणि बसलात. बस, इतकंच. मी कड सोडली नाही आणि उठलोही नाही.

त्या संध्याकाळी मी आलो. डाळ रटरटत होती. पडवीत भांड्यांचा आवाज होता, हसण्याचा नव्हता. तुम्ही अडकित्ता चालवत विचारलंत, अगदी सहज, तिखटमीठ काही नाही, ‘‘ते सहा तासांचं वाक्य. तुझ्या कानातून सुटलं कसं रे?’’

मी म्हणालो, ‘‘लक्षात आलं नाही, बाई.’’

अडकित्ता थांबला.

मी वाट बघितली. तुम्ही ‘काय चुकलं सांग’ म्हणाल, मग मी सांगेन, असं मनात धरून बसलो. पट्टीआडून तुम्ही माझ्याकडेच बघताय असं वाटलं. चुलीतलं लाकूड फुटलं. मग अडकित्ता पुन्हा सुरू झाला, जरा हळू, आणि तुम्ही म्हणालात, ‘‘भात जेवून जा.’’ त्यानंतर तीन वर्षं तुम्ही होतात. मी येत राहिलो, वाचत राहिलो. तुम्ही ते पुन्हा विचारलं नाहीत, आणि तुम्ही विचाराल या भीतीने मी कधी नीट जेवलो नाही.

आता सांगतो. माझ्या लक्षात आलं होतं. पहिल्या वाचनातच. ‘हिथं गलतंय’ असं वडिलांच्या आवाजात ऐकू आलं होतं. मी ते लिहिलंही होतं: ओहोटीचा काळ चुकीचा आहे, किल्ल्याची वाट दोन-अडीच तासच उघडी असते, मुलांनी यावर विसंबू नये. ते जुळवलंही होतं. पान बांधताना मजकूर तीन ओळी जास्त झाला. तीनच ओळी काढायच्या होत्या. शंखाच्या उपमेच्याही बरोबर तीन ओळी होत्या. एका हाताला ती उपमा, माझी आयुष्यातली पहिली छापली जाणारी. दुसऱ्या हाताला मिठागरवाल्याच्या पोराने पुण्याच्या विद्वानाला शिकवलेली भरती-ओहोटी. मला वाटलं, लोक म्हणतील याच्या अंगाचा चिखलाचा वास अजून गेला नाही. मी भरती-ओहोटी काढली. खिळे एकेक करून आपापल्या खणात परत टाकले. पाच मिनिटांचं काम.

त्या तिघींतली ती तिसरी आता शिक्षिका आहे. आपल्या मुलींसाठी पुस्तकं घ्यायला छापखान्याला लागून असलेल्या माझ्या पुस्तकांच्या दुकानात येते, आणि मला विचारते, ‘‘काका, हे चांगलं आहे ना?’’ माझ्या शब्दावर ती अजून विश्वास ठेवते. ती बोलत असते तेव्हा मी तिच्या श्वासाचा आवाज ऐकत असतो.

आजचं पुस्तक रानातल्या चार मुलांचं आहे. छान आहे, वेगवान आहे. त्यात एकाला साप चावतो, दुसरा जखम चोखतो, आणि तासाभरात सगळे पुन्हा धावायला लागतात. मी लिहिलं, की हे खोटं आहे, असं कुणी करू नये, थेट दवाखाना गाठावा. या तीन ओळी झाल्या. शेवटी पुस्तकाच्या वेगाबद्दल तीन ओळींचं एक वाक्य लिहिलं, तेही मनासारखं जमलं. मग पान बांधायला घेतलं आणि मजकूर जास्त झाला.

वेगाचं वाक्य काढलं, बाई. साप राहिला. पान आता यंत्रावर चढलंय, छपाई सुरू झालीय, त्या आवाजातच हे लिहितोय. हा कागद कुठे पाठवायचा नाही, तेव्हा एवढं लिहून टाकतो: ओळी काढायला चिमटा उचलला तेव्हा माझा हात आधी सापाच्या ओळींकडेच गेला होता.