नकाशातला शेवटचा चौकोन

ता. १४ ऑक्टोबर

ताईस नमस्कार आणि वि. वि. (विसरले असते तर लाल पेनाने दुरुस्त करून परत पाठवलं असतंस. शाळा सुटली तरी तुझ्यातली मास्तरीण काही सुटत नाही.)

तुझं पत्र पोचलं. गुडघ्याला पट्टा लावतेस हे बरं करतेस, पण स्टुलावर चढून पंखे पुसतेस हे वाचून हात जोडले बाई. पडलीस म्हणजे? लेक सातासमुद्रापार, आणि शेजारणीला ऐकू येत नाही.

इकडे विशेष म्हणजे नकाशा पुरा झाला. तू नेहमी विचारतेस, गोगलगायींच्या मागे लागून एवढी वर्षं करतेस तरी काय? तर ऐक एकदाचं. आम्ही सगळ्या मुलखाचे चौकोन पाडलेत. एकेका चौकोनात जायचं, दगड उलटायचे, पाचोळा चाळायचा. ती करड्या शंखाची गोगलगाय सापडली तर भरीव ठिपका. नीट शोधूनही नाही सापडली तर पोकळ गोल. कोणी गेलंच नाही, तर चौकोन कोरा. मग कळतं, ही बया कुठवर पसरली आणि कुठे अडली. नदीपाशी अडते, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. तिला ना पोहता येत, ना उडता.

शेवटचा चौकोन नदीपलीकडचा. नुसते खडक आणि वारा. तो खरं म्हणजे मागच्याच वर्षी व्हायचा, पण मी चालढकल करत होते. कधी पाऊस, कधी पाठ. साहेब म्हणायचे, "बाई, तुमच्या एका चौकोनापायी सगळं अडलंय." मी म्हणायची, "हे घाईचं काम नाही."

गेल्या आठवड्यात गेले एकदाची. पडक्या मेंढवाड्याच्या भिंतीतला दगड उलटला, तर खाली ही ठाण मांडून बसलेली! एकटी नाही, पिल्लांसकट सगळं खटलं. बहुधा मेंढ्यांच्या खुरांना लागलेल्या चिखलातून आली असेल. मी मोठ्यांदा ओरडले, "सापडली गं!" आवाज असा चिरका निघाला की माझा मलाच ओळखू येईना. कितीतरी दिवसांत कोणाशी बोललेच नव्हते. मग मागे वळून पाहिलं, कोणाला सांगतेय म्हणून. तिथे कोण असणार? आधी हसू आलं. मग रडू आलं, आणि चांगलंच आलं.

साहेब खूष. स्वतः चहा पाजला. म्हणाले, "आता पुढची जात घ्या. दोन वर्षं वाढवून देतो, खोलीही राहू दे तुमच्याकडे." मी नाही म्हटलं. ताडकन. खोली महिनाअखेर सोडते, असंही सांगून टाकलं. जिना उतरून खाली आल्यावर लक्षात आलं, तुला तर अजून विचारलेलंच नाही.

तर तुला विचारायचंय.

भाऊजी गेले तेव्हा मी आले होते ना, निघताना तू म्हणालीस, "तुझं काम खोळंबलं असेल." मी म्हटलं, "हो ना." काम कसलं डोंबलाचं! तू "राहा" म्हणशील म्हणून मी भरलेली बॅग पुन्हा उपसून भरत बसले होते. तू वाटेसाठी डबा आणून दिलास. तेव्हापासून तो चौकोन लांबवला. तो शिल्लक होता तोवर मी कामात होते. तो संपला की लोक विचारणार, आता बाई जाणार कुठे?

मला एकटीला आता जमत नाही, ताई. तुलाही जमत नसेल असं वाटतं, पण तू कबूल करायची नाहीस, म्हणून मीच करते. मी पहाटे उठते, भांडी वाजवते, खिडकीत दगड मांडून ठेवते, हे तुला माहीत आहे. अडचण होणार असेल तर स्पष्ट लिही. मनाला लावून घेणार नाही, असं लिहिणार होते. पण ते खोटं झालं असतं. लावून घेईन. तरीही खरं तेच लिही.

लवकर लिही.

तू म्हणशील तर कायमची,
तुझी ठकी